शाळेचं मीटर लेकरांच्या हाती: वीज, पाणी, जळण आणि कचरा मोजून कमी कसा करायचा

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. आम्ही सगळ्या खोल्यांचे पंखे, ट्यूब, ऑफिसातला संगणक, सगळं बंद करून घेतलं आणि सातवीच्या दोन मुलींना मीटरसमोर उभं केलं. एकीच्या हातात घड्याळ, दुसरी मोजणार. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला नको होता, पण लुकलुकत होता. "सर, समदं बंद हाय, तरी बी लाईट उघडझाप करायलीय की!" दहा उघडझापींना तीन मिनिटं लागली. हिशोब केला तर साठ वॅटच्या आसपास. कुठं जात होते हे साठ वॅट, ते पुढं सांगतो. त्या दिवसापासून आमच्या शाळेत 'वीज वाचवा'ची पोस्टरं रंगवणं बंद झालं आणि मीटरची वही सुरू झाली.

हा लेख त्या वहीबद्दल आहे. जिल्हा परिषदेची शाळा असो, संस्थेची असो किंवा आश्रमशाळा, पद्धत तीच. आधी मोजायचं, मग शोधायचं, मग हात घालायचा. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि बिल तिथंच राहतं. हे आम्ही स्वतः करून बसलोय.

सुरुवातीला बिल नीट वाचा

मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं गोळा करा. फाईलमध्ये सगळी सापडणार नाहीत, कुणालाच सापडत नाहीत. ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो घातला की महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर मागची बिलं दिसतात. प्रत्येक बिलावरून चार गोष्टी वहीत उतरवा: चालू रीडिंग, मागील रीडिंग, वापरलेले युनिट आणि मीटरची स्थिती. रुपयांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, थकबाकी, व्याज असं बरंच काही मिसळलेलं असतं. लेकरांनी पंखा बंद केला काय अन् नाही काय, स्थिर आकार हलत नाही. आपल्याला हलवता येतं ते फक्त युनिट.

मीटरच्या स्थितीकडं विशेष बघा. आम्ही सगळ्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवल्या, गावात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते, आणि पुढची तीन बिलं जशीच्या तशी आली. कुणी म्हणालं मीटर पळतंय, कुणी म्हणालं एलईडीच बोगस. शेवटी बिल उलटसुलट करून पाहिलं तर स्थिती 'लॉक' आणि वापर 'सरासरी'. सुट्टीत आम्ही गेटला कुलूप लावलं, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात तालुक्याला, आणि रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत गेला. दोष आमचाच. सरासरी बिल असेल तर ते मोजमाप म्हणून धरूच नका. मीटरचा फोटो काढून रीडिंग कळवा, बिल दुरुस्त करून घ्या, आणि त्या महिन्यापासून वही सुरू करा.

बिलावर दरसंकेतही असतो. शाळांसाठी 'सार्वजनिक सेवा' हा दरगट आहे आणि त्यात शासकीय शिक्षणसंस्थांचा उपगट वेगळा आहे. शाळेच्या बिलावर व्यापारी दर लागलेला दिसला, तर आधी दरगट बदलण्याचा अर्ज द्या. यात एकही युनिट वाचत नाही, पण हा पैसा पुढच्या दुरुस्त्यांना कामी येतो.

मीटरची वही

शंभर पानी वही पुरते. उघडी पाटी, म्हणजे परिपाठाच्या जागी लावलेला फळा, असला तर आणखी चांगलं. रोज दोन रीडिंग घ्यायची: शाळा उघडल्यावर आणि शाळा सुटल्यावर. बस. रकाने असे पाडा:

तारीख, वार, सकाळचं रीडिंग, संध्याकाळचं रीडिंग, दिवसाचे युनिट, रात्रीचे युनिट, आजची हजेरी, शेरा.

दिवसाचे युनिट म्हणजे संध्याकाळमधून सकाळ वजा. रात्रीचे युनिट म्हणजे आज सकाळमधून काल संध्याकाळ वजा. पाचवीच्या लेकराला जमेल अशी वजाबाकी आहे, आणि दशांश चिन्हाची वजाबाकी फळ्यावर जितकी कंटाळवाणी वाटते तितकी इथं वाटत नाही. मीटरवर स्क्रीन फिरत राहतो, त्यात तारीख, व्होल्टेज, मागणी असं येत-जातं. 'केडब्ल्यूएच', म्हणजे युनिट, असं ज्या आकड्यापुढं येतं तोच घ्यायचा. हे पहिल्या आठवड्यात चुकतं. एका मुलानं आमच्याकडं सलग चार दिवस व्होल्टेज लिहून आणलं होतं आणि शाळेनं चार दिवसांत उणे युनिट वापरले होते.

एकच सक्त नियम: लेकरांनी मीटर बघायचं, हात लावायचा नाही. पेटी उघडी असेल, वायर लोंबत असतील, पावसाळ्यात भिंत ओली असेल, तर शिक्षकानं लांबून मोबाईलवर फोटो काढावा आणि वर्गात आकडा वाचायला द्यावा. बोर्ड, मेन स्विच, स्टार्टर यांच्याजवळ कुठल्याही लेकराला पाठवायचं नाही.

शेऱ्याचा रकाना फालतू वाटतो, पण तोच पुढं सगळं सांगतो. 'दुपारी लाईट नव्हती', 'पटांगणात लग्न, बोर्डवरून वायर', 'मतदान केंद्र', 'मोटार दोनदा लावली'. शाळेच्या बोर्डवरून मंडपाला वायर जाणं ही गावातली जुनी रीत आहे, त्यावर भांडू नका. मंडपवाल्याला दाखवून मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून ठेवा. आकडा कागदावर आला की सरपंच स्वतःच विषय काढतात.

वही किमान चार आठवडे चालू द्या आणि त्या काळात काहीही बदलू नका. हे अवघड जातं, कारण सगळ्यांना लगेच काहीतरी करायचं असतं. पण आधीचा आकडा पक्का नसेल तर नंतरची बचत सांगता येत नाही.

पट नव्हे, हजेरी

शाळेचा आकडा दुसऱ्या शाळेशी किंवा मागच्या महिन्याशी ताडायचा तर 'एका लेकरामागं, शाळेच्या एका दिवसाला' असाच काढायला हवा. महिन्याचे युनिट भागिले शाळेचे दिवस भागिले सरासरी हजेरी. इथं मराठवाड्यातल्या शाळांनी एक गोष्ट विसरायची नाही. दिवाळीनंतर बीड, जालना, परभणी भागातल्या कित्येक गावांतली कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि लेकरंही त्यांच्याबरोबर जातात. पट तोच राहतो, वर्ग निम्मा होतो. पंखे मात्र तितकेच फिरतात. पटावर हिशोब केला तर डिसेंबरमध्ये सगळं ठीक दिसतं. हजेरीवर केला तर एका लेकरामागचा वापर चढलेला दिसतो. आम्ही तो आकडा पाहून दुसरी-तिसरीचे दोन अर्धे वर्ग दुपारनंतर एकाच खोलीत बसवले. शिकवायलाही ते बरंच पडलं. आठवडी बाजाराच्या दिवशीही हजेरी अशीच उतरते.

लाल दिव्याची युक्ती

कोणतं यंत्र किती खातं हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही. मीटरवर कुठंतरी बारीक अक्षरात ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढं 'इम्प प्रति केडब्ल्यूएच' लिहिलेलं असतं. म्हणजे लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. ३२०० वालं मीटर असेल तर दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. येतील ते वॅट. १६०० वालं असेल तर २२,५०० ला भागा.

सगळं बंद करून एकच जुना छताचा पंखा फुल्ल लावा: दहा लुकलुकी दीडशे सेकंदांत येतील. ११,२५० भागिले १५०, म्हणजे ७५ वॅट. बोअरची एक एचपीची मोटार लावली तर अकरा-बारा सेकंदांत दहा लुकलुकी होतात, लेकरांना मोजायला धाप लागते. एक हजार वॅट. मोटार म्हणजे तेरा-चौदा पंखे, हे वर्गात तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. दिव्याचा वेग बघितला की शिरतं.

प्रत्येक वस्तूची अशी यादी करा, वॅट लिहा आणि समोर रोजचे तास लिहा. वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट. सात खोल्यांत चौदा पंखे पाच तास फिरले तर सव्वापाच युनिट. जुनी ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर जाते, एलईडी ट्यूब अठरा ते वीस वॅटची असते. यादीची बेरीज वहीतल्या दिवसाच्या आकड्याजवळ यायला हवी. फार कमी आली तर काहीतरी यादीतून सुटलंय किंवा कुठंतरी वीज गळतेय. दुसरी शक्यता वाटली तर वायरमनला बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका.

आता ते साठ वॅट. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि कॅमेरे, इंटरनेटचा राउटर, आणि ज्याची बॅटरी संपत आली होती असा इन्व्हर्टर. जुनी बॅटरी भरल्यासारखी दाखवते आणि रात्रभर चार्जिंग ओढत राहते. साठ वॅट म्हणजे एक पंखाही नव्हे, असं वाटतं. पण शाळा महिन्यात पंचवीस दिवस, रोज सात तास उघडी. म्हणजे सातशेवीस तासांपैकी पाचशे पंचेचाळीस तास ती बंदच असते. त्या बंद तासांचे तेहतीस-चौतीस युनिट झाले, तेही ज्या महिन्याचा एकूण वापर दोनशेच्या आत होता त्या महिन्यात. कॅमेरे चालू ठेवावेच लागतात. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, राउटर संध्याकाळी बंद करायला लागलो. तुमच्याकडं थंड पाण्याचा कूलर असेल तर आधी तोच बघा. रात्री कुणीही पाणी पीत नाही, पण त्याचा कॉम्प्रेसर रात्रभर मधूनमधून सुरू होतच राहतो.

मोटार, टाकी आणि बोअर

आमच्या भागात वीज आणि पाणी वेगळे विषय नाहीत. २०१३ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीच्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. शाळेच्या पातळीवर या दोन्हींची गाठ मोटारीपाशी पडते.

टाकी रिकामी झाल्यावर मोटार लावण्याआधी मीटर बघा, टाकी भरल्यावर पुन्हा बघा. टाकी हजार लिटरची असेल तर जो फरक आला तो 'हजार लिटरमागचे युनिट'. ही एक संख्या महिन्यातून एकदा वहीत लिहा. पावसाळ्यानंतर आमच्याकडं हजार लिटरला अर्धा युनिट लागत होता. तीच मोटार, तीच टाकी, फेब्रुवारीच्या शेवटी पाऊण युनिटच्या वर. मोटार बिघडली नव्हती, बोअरचं पाणी खाली गेलं होतं आणि धार बारीक झाली होती. भूजलाची पातळी मोजायला टेप सोडावा लागला नाही, मीटरनंच सांगितलं. हा आकडा चढायला लागला की दोन गोष्टी करा: मोटार एकदम तासभर न चालवता दोन टप्प्यांत चालवा, आणि कोरडी चालू नये म्हणून वायरमनकडून कोरड्या बोअरचं संरक्षण बसवून घ्या. जळालेली मोटार वर काढून भरून घेण्याचा खर्च ज्यानं केलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आकडा अचानक दुप्पट झाला, तेही ऐन पावसाळ्यात, तर पाणी खाली गेलेलं नसतं. पाईप फुटलाय किंवा फूटव्हॉल्व्हमधून, म्हणजे पाणी मागं फिरू नये म्हणून बसवलेल्या झडपेतून, पाणी परत जातंय.

टाकी वाहून जाणं हा सगळ्यात मोठा चोर आहे आणि तो दिसतो तरी कुणी पकडत नाही, कारण मोटार लावणारा माणूस खिचडीच्या भांड्याजवळ असतो. तरंगता बॉल लावलेला स्विच स्वस्तात येतो. तोही नको असेल तर टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते मोजून स्टार्टरशेजारी भिंतीवर रंगानं लिहा आणि मोबाईलला गजर लावा. दर महिन्याला आकडा बदला, कारण उन्हाळ्यात मिनिटं वाढतात.

गळक्या नळाचं काम चौथीकडं द्या. नळाखाली एक लिटरची बाटली ठेवायची, किती मिनिटांत भरली ते लिहायचं. १,४४० ला त्या मिनिटांनी भागलं की दिवसाचे लिटर. अर्ध्या तासात बाटली भरली तर दिवसाला अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे चार घागरींच्या आसपास. डोक्यावरून घागर आणलेल्या पोरींना तो आकडा मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजतो. दुसऱ्या दिवशी एकीचा बाप पाना घेऊन आला आणि नळाचं वायसर बदलून गेला.

खिचडीखालचं जळण

वीज वाचवणाऱ्या बहुतेक योजना स्वयंपाकघराच्या दारातून आत येत नाहीत. पण मधल्या सुट्टीच्या आहाराला लागणारी उष्णता विजेच्या युनिटमध्ये मोजली तर शाळेच्या पंख्यांना सहज मागं टाकते. एक किलो गॅस जळाला की सुमारे पावणेतेरा युनिटइतकी उष्णता मिळते.

मोजायचं असं. गॅस असेल तर सिलिंडर किराणा दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर सोमवारी आणि शनिवारी ठेवा; रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतंच. चूल असेल तर लटकता स्प्रिंगकाटा घ्या आणि सरपणाचा भारा चुलीपाशी नेण्याआधी तोला. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचं लाकूड वेगवेगळं लिहा, कारण पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि भसकन संपतात. आठवड्याचं वजन भागिले आठवड्याची एकूण ताटं. ताटामागं इतके ग्रॅम.

मग स्वयंपाकाच्या मावशींशी बोला. त्यांना शिकवायला जाऊ नका, विचारा. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, हुलगं-मटकी राती भिजू घाला म्हणलं तर कोठीची किल्ली तुमच्याकडं. सकाळी दहाला दाळ-दाणा हातात येतो, मग जळण लागणारच की." आदल्या संध्याकाळी कडधान्य काढून द्यायला लागलो, आणि ताटामागचं सरपण पहिल्या पंधरवड्यातच खाली आलं. बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत: भांड्यावर झाकण, चुलीच्या वाऱ्याच्या बाजूला चार विटांचा आडोसा, उन्हात वाळवलेलं सरपण, उकळी आल्यावर आच कमी. गॅसची ज्योत पिवळी दिसली आणि भांडं काळं पडलं तर बर्नर साफ करायचा.

शिजवलेलं उरतं तेव्हा त्याखालचं जळणही वाया जातं. पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम तांदूळ हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण ते कशाशी गुणायचं यात घोळ होतो. तांदूळ मोजायचा तो हजेरी घेतल्यावरच, कालच्या आकड्यावर नाही. भांड्यात उरलेलं आणि ताटांत टाकलेलं वेगवेगळ्या बादल्यांत तोला. भांड्यात उरलं तर अंदाज चुकला. ताटांत उरलं तर वाढताना चुकलं, किंवा त्या दिवशीची खिचडीच बिघडली. उरलेलं शेजारच्या म्हशीला जात असेल तर जाऊ द्या, पण वजन वहीत आलं पाहिजे.

कचऱ्याचा एक आठवडा

कचरा रोज मोजण्याची गरज नाही. वर्षातून दोनदा, एकेक आठवडा पुरे. एक ऑगस्टमध्ये, एक जानेवारीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका, तेव्हा कडुलिंबाची पानगळ असते आणि पोत्यावारी पाला सगळा हिशोब खाऊन टाकतो.

पाच पोती आणि एक स्प्रिंगकाटा. पोत्यांवर रंगानं लिहा: ओला, कागद, प्लास्टिक, धातू-काच, उरलेलं. शाळा सुटायच्या आधी आठवीची लेकरं हातमोजे घालून दिवसभराचा कचरा वेगळा करतील, तोलतील, लिहितील. काच आणि ब्लेड मोठ्यांनी उचलावं. सॅनिटरी पॅड या मोजणीत आणायचे नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहातल्या झाकणाच्या डब्याचं काम बाईंकडं आणि त्याची विल्हेवाट ग्रामपंचायतीशी बोलून वेगळी. बंद पडलेले माऊस, कीबोर्ड, ट्यूब, बॅटऱ्या यांची एक खोकी ऑफिसात ठेवा. फुटलेल्या जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती पोत्यात टाकायची नाही. बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदार परत घेतो, तेव्हाच द्यायची.

प्लास्टिकचं वजन तुम्हाला फसवेल. आमच्याकडं आठवड्याचं प्लास्टिक दोन किलोसुद्धा भरलं नाही आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मग मोजले. चिप्स-कुरकुऱ्यांचे रिकामे पुडे सातशेच्या वर निघाले. म्हणून प्लास्टिक तोलायचं नाही, मोजायचं. तो आकडा शाळेसमोरच्या टपरीवाल्याला दाखवला, त्याच्यावर डाफरलो नाही. त्यानं भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे कागदाच्या पुडीत ठेवायला सुरुवात केली. पुडे बंद झाले असं मी म्हणणार नाही. पुढच्या मोजणीत चारशेच्या आसपास आले.

कागद सगळ्यात सोपा. पाठकोऱ्या कागदांची एक पेटी प्रत्येक वर्गात, चाचणीला तेच कागद. भरल्या वह्या वर्षाच्या शेवटी रद्दीत जातात, त्याचे पैसे वहीत जमा दाखवा.

ओल्या कचऱ्याला आणि पाल्याला खताची टाकी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप टाक्या आपल्याकडं खूप गावांत बांधल्या गेल्या. त्या दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. तीनेकशे लेकरांच्या शाळेला एवढं मोठं काही लागत नाही. तीन फुटांचा चौकोन, विटा थोड्या थोड्या फटी ठेवून, जमिनीच्या वर. काळ्या रानात खड्डा खणला तर पावसाळ्यात त्याचं डबकं होतं, हा अनुभव घेऊ नका. एक थर उरलंसुरलं अन्न आणि भाजीची देठं, त्यावर तिप्पट वाळका पाला, त्यावर मूठ-दोन मूठ माती. खिचडी उघडी राहिली की कुत्री येतात, म्हणून पाल्याचा थर कधी चुकवायचा नाही. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका. चार महिन्यांत खत होतं, लिंबाचा पाला जास्त असला तर जास्त वेळ.

आणि पाला जाळायचा नाही. धूर थेट वर्गात येतो आणि ज्याला दमा आहे ते लेकरू दुसऱ्या दिवशी घरी राहतं.

पैसे कुठं घालायचे, कुठं नाहीत

आता वहीत चार आठवड्यांचे आकडे आहेत. फुकटची कामं आधी: रात्रीचा वापर, टाकीचा गजर, कडधान्य भिजवणं, खिडक्या उघडून ट्यूब बंद. प्रत्येक खोलीच्या बोर्डवर कोणतं बटण कशाचं हे लिहा. निम्मे पंखे केवळ बटण सापडत नाही म्हणून चालू राहतात.

मग कमी खर्चाची. एलईडी ट्यूब पैसे लवकर वसूल करून देते. वीस वॅटची नवी, बावन्न वॅटची जुनी, रोज तीन तास, वर्षाला दोनशे दिवस धरले तर एका ट्यूबमागं एकोणीस युनिट. सगळं धरून युनिट आठ रुपयांना पडत असेल तर दीडशे रुपये. दीड-दोन वर्षांत ट्यूबचे पैसे निघतात.

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीच्या पंख्यांबद्दल मात्र माझं मत सगळ्यांना आवडत नाही. घरी तो घ्यावाच, तिथं पंखा उन्हाळ्यात रात्रंदिवस फिरतो. शाळेत तो पाच तास, वर्षाला दोनशे-सव्वादोनशे दिवस फिरतो. पंचाहत्तरच्या जागी तीस वॅटचा बसवला तर वर्षाला पंचेचाळीस ते पन्नास युनिट, म्हणजे चारशे रुपयांच्या आत. पंखा अडीच-तीन हजारांचा. चालू पंखे काढून नवे लावू नका. जळालेला पंखा पुन्हा भरून घेण्याऐवजी मात्र नवा घ्या, आणि घेताना तारांकित लेबल बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे.

पत्र्याच्या खोल्यांचं दुखणं वेगळं. एप्रिलमध्ये पत्रा तापला की पंखा गरम हवाच खाली ढकलतो आणि लेकरं तो फुल्ल ठेवतात. मार्चच्या आधी छतावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. दर वर्षी द्यावे लागतात, पण एक पोतं चुना आणि दोन माणसं एवढंच लागतं. चुना देण्याआधी आणि दिल्यावर दुपारी दोनला खोलीतलं तापमान साध्या तापमापकानं लिहून ठेवा.

सौर पॅनल शेवटी. एक किलोवॅटच्या पॅनलमागं आपल्याकडं दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात आणि शंभर चौरस फुटांच्या आसपास छत लागतं. पॅनल आधी आणि मोजणी नंतर असं झालं तर तीन किलोवॅटची गरज असताना पाच बसतात. देणगीदार आलेच तर त्यांना वहीच दाखवा. बॅटरीची यंत्रणा घेताना पाच वर्षांनी बॅटरी कोण बदलणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. आणि पॅनल धुवायचं वेळापत्रक करा, उन्हाळ्यातल्या धुळीत ते महिन्याभरात मळतात.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, त्यातून यातली थोडी कामं करता येतात. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो, त्यात खताची टाकी आणि कचऱ्याचे डबे बसतात. लोकवाटा मागायचा असेल तर १७ सप्टेंबरला मागा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला सगळं गाव पटांगणात असतं. भाषणाच्या ऐवजी सातवीतल्या एका मुलीनं फळ्यावरचे चार आकडे वाचून दाखवले तरी पुरतं: वीज, पाणी, जळण, पुडे. हवं असेल तर शेवटी आणखी एक आकडा जोडा: आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो गुणाकार आठवीला द्या.

वही कुणाच्या हातात

शिक्षकाच्या हातात राहिली तर बदली झाली की संपली. पाचवी ते आठवीच्या चार-चार लेकरांचे गट करा, आठवड्याला एक गट. आठवीतला जाताना पाचवीतल्याला मीटर वाचायला शिकवून जाईल. परिपाठात सुविचाराशेजारी कालचा आकडा वाचायचा: "काल दिवसाचे सहा पूर्णांक चार, रात्रीचा शून्य पूर्णांक पाच." आकडा वाढला की आधी लेकरंच विचारतात, काल कोण राहिलं होतं उशिरापर्यंत? कधीकधी उत्तर 'सर, तुम्हीच' असं येतं. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

वर्षातून एकदा वाईट महिना येतोच. स्नेहसंमेलन, शिबिर, प्रशिक्षण, काहीही असतं. तो खोडू नका, शेरा लिहा.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी इन्व्हर्टर आणि कूलर बंद, टाकी रिकामी, कॅमेरे सोडून बाकीच्या लाईनचे स्विच खाली, आणि गेटची एक किल्ली गावातल्या भरवशाच्या माणसाकडं, रीडिंगवाल्यासाठी. मग मीटरचं शेवटचं रीडिंग फळ्यावर खडूनं न लिहिता भिंतीवर पेन्सिलीनं लिहा, कारण सुट्टीत फळा कुणीतरी पुसतं. जूनमध्ये शाळा उघडली की प्रवेशोत्सवाची पताका लावायच्या आधी त्या भिंतीपाशी जायचं. नव्या सातवीतल्या कुणालातरी खाली वजाबाकी करायला लावायची.